मोबाईल पुरे की कॅमेरा घ्यावा? किनाऱ्यावरच्या स्टुडिओत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांच्या काळात मागच्या खोलीत रोल धुतले जायचे. आता तिथे प्रिंटर असतो आणि पावसाळ्यात गिऱ्हाइकांच्या ओल्या छत्र्या. काउंटरवर उभं राहून जे प्रश्न रोज ऐकतो, तेच इथे उतरवले आहेत. आम्ही मोबाईल विकत नाही, कॅमेरेही विकत नाही. लग्नाच्या ऑर्डरी मात्र घेतो, तेवढा आमचा स्वार्थ धरून वाचा.

"माझ्या मोबाईलात दोनशे मेगापिक्सेल आसत, तुमच्या एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यात चोवीसच?"

मे महिन्यात हा प्रश्न दिवसाला दोनदा तरी येतो. त्यावर मी अंगणातल्या पावसाचा दाखला देतो. एकाच पावसात एक परात ठेवा आणि एक पेला. पाऊस तोच, वेळ तीच, तरी परातीत पाणी जास्त साचणार. कॅमेऱ्यात उजेड झेलणारी परात म्हणजे सेन्सर. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. बऱ्याच महागड्या फोनांच्या मुख्य कॅमेऱ्यात तो ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो, मोजक्या फोनांत ११६ पर्यंत जातो, आणि साध्या फोनांत सत्तरच्याही निम्म्याहून कमी. पेल्यात कितीही कप्पे, म्हणजे पिक्सेल, पाडले तरी पाणी पेलाभरच.

फोन बनवणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून २०० मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या मोडमध्ये शेजारशेजारचे सोळा पिक्सेल जोडून त्यांचा एक करतो आणि तुमच्या हाती येतो तो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. डब्यावरचा आकडा खोटा नाही, पण तो कामाला येतो फक्त लख्ख उजेडात. भर दुपारी जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट पूर्ण २०० च्या मोडमध्ये काढलात तर दगड थोडे जास्त सुटे दिसतील. सांज झाली की तो मोड विसरा.

मग दिवसा फोनचेच फोटो जास्त छान का दिसतात?

कारण फोन एक फोटो काढतच नाही. तुम्ही बटण दाबता त्याच्या आगेमागे तो भराभर अनेक फ्रेम घेतो, त्या एकावर एक बसवतो, आभाळ एकीकडून उचलतो आणि चेहरा दुसरीकडून. तारकर्लीच्या वाळूत पाठीवर सूर्य घेऊन बायको उभी असेल तर साधा कॅमेरा म्हणतो, एक काय ते सांगा: आभाळ निळं हवं की चेहरा उजळ? फोन दोन्ही देतो आणि विचारतही नाही. पर्यटनाच्या फोटोंपुरतं बोलायचं तर ही लढाई फोनने जिंकली आहे. समुद्रकिनारी कॅमेरा गळ्यात अडकवून घामाघूम झालेले पाहुणे बघितले की मला त्यांची दयाच येते.

कॅमेऱ्यातही ते सगळं आहे, पण कच्च्या मालासारखं. रॉ फाइलमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या साठवता येतात, जेपेगमध्ये २५६. घरी जाऊन संगणकावर बसलात तर कॅमेऱ्याच्या फाइलमधून आभाळही परत मिळतं आणि चेहराही. बसणार नसाल तर कॅमेरा घेऊन उपयोग नाही. हिशेब सरळ आहे.

फोनबद्दल माझी एकच तक्रार आहे. त्याला काळोख सहन होत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात देवगडच्या बाजूने काळाकुट्ट ढग चढून येतो, समुद्र शिशासारखा होतो, माडांचे शेंडे उलटे वळतात, आणि फोन त्या सगळ्याला उजळवून राखाडी करून टाकतो. ढगातली भीतीच जाते. अशा वेळी पडद्यावर ढगावर बोट टेकवा आणि शेजारी येणारा सूर्याचा खुणेचा गोल खाली ओढा. फोटो तुम्ही बघितला तसा काळा येईल.

दहिकाल्याचे, म्हणजे जत्रेतल्या रात्रीच्या दशावतारी नाटकाचे, फोटो मोबाईलवर धड येत नाहीत. मोबाईल बदलू का?

नको. बदललात तरी थोडाच फरक पडेल.

फोनचा नाइट मोड दोन-तीन सेकंद उजेड गोळा करतो. दीपमाळ, देऊळ, तळ्यातलं प्रतिबिंब, म्हणजे जे हलत नाही ते सगळं त्यात सुरेख येतं. पण मध्यरात्र उलटल्यावर दोन राजे तलवारी घेऊन भिडतात तेव्हा दोन-तीन सेकंदांत चार वार होऊन जातात. फोटोत चेहऱ्याचा रंग राहतो, चेहरा राहत नाही. त्याला सेकंदाच्या अडीचशेव्या भागाएवढा वेग लागतो, आणि तेवढ्या क्षणात पेल्यात किती उजेड पडणार?

आता कॅमेरावाल्यांसाठी एक कडू गोष्ट. कॅमेऱ्याबरोबर डब्यात येते ती किट लेन्स लावून जत्रेला गेलात तर चांगल्या फोनकडून हराल. गणित करून बघा. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्याचा सेन्सर फोनच्या साधारण पाचपट. पण किट लेन्स झूम केली की तिचं छिद्र एफ ५.६ वर येतं आणि फोनचं असतं एफ १.७ च्या आसपास (आकडा लहान तेवढं छिद्र मोठं). तेवढ्याच जागेवर फोन जवळपास अकरापट उजेड पाडतो. पाचपट कमावले आणि अकरापट गमावले. "एवढे पैसे घातले आणि फोटो मोबाईलपेक्षा वाईट" म्हणून जे येतात, त्यातले बहुतेक इथेच फसलेले असतात. ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स घ्या. साध्या लेन्सांमध्ये तिच्याएवढी स्वस्त आणि कामाची दुसरी मला माहीत नाही.

दुसरी अडचण दिव्यांची. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे तिच्यावर चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मांडवातले स्वस्त एलईडी असले आणि शटर अडीचशेवर ठेवलं की फोटोवर आडवे काळे पट्टे उठतात. शंभरावर ठेवलं की पट्टे जातात, पण तलवार पुसट होते. मी शंभरावर ठेवतो आणि वाट बघतो. दशावतारातला जुना नट वार करून झाला की क्षणभर थांबतो, मान वळवतो, डोळे मोठे करतो. मृदंगावर थाप पडते ती तिथेच. तो क्षण शंभरच्या शटरमध्ये आरामात बसतो. दोन-तीन जत्रा नुसत्या बघितल्यात तर बोटाला ती थाप आपोआप कळायला लागते.

फ्लॅश मारू नका. समोरच्याच्या हातात तलवार आहे.

शंभर एक्स झूमचा फोन आहे. पक्ष्यांसाठी वेगळी लेन्स हवी का?

शंभरातले खरे एक्स किती ते आधी बघा. फोनच्या टेलिफोटो कॅमेऱ्याला काचेने मिळणारं झूम असतं तीन किंवा पाच पटीच्या आसपास. त्यापुढे सगळी कापाकापी आणि सॉफ्टवेअरची रंगरंगोटी. शिवाय त्या टेलिफोटोमागचा सेन्सर मुख्य कॅमेऱ्याहून बहुधा लहानच असतो. चंद्र काढला की काही फोन स्वतःकडच्या माहितीतून चंद्रावरचे डागसुद्धा भरतात. चंद्र आपल्याला नेहमी तीच बाजू दाखवतो म्हणून ते खपून जातं. ककणेराच्या, म्हणजे धनेश पक्ष्याच्या, चोचीवर तशी भर घातली की जाणकाराच्या लगेच लक्षात येतं.

सुरूच्या शेंड्यावर बसलेला समुद्री गरुड, चिपळूण-संगमेश्वराकडचे धनेश, यांना ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स लागते आणि गरुड उडाला तर दोन हजाराच्या आसपासचं शटर. इथे कॅमेऱ्याला पर्याय नाही. तिबोटी खंड्या तर त्याहून अवघड. जेमतेम १३ सेंटिमीटरचा पक्षी, विणीला येतो तो ऐन पावसात, आणि बसतो ओढ्याकाठच्या काळोख्या झाडीत. त्याच्या घरट्यासमोर लेन्सा लावून ताटकळत बसणाऱ्यांची गर्दी मला बघवत नाही. पिल्लांना चारा भरवायला आई येईना, असं होतं. फोटो नाही मिळाला तर नाही मिळाला.

डॉल्फिन?

होडीतून मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि नंतर त्यातली फ्रेम निवडा. फोर-केची एक फ्रेम साधारण ८ मेगापिक्सेलची असते. फोटो काढायला गेलात तर पाण्याचे गोल तेवढे मिळतील.

वेळासला कासवांच्या पिल्लांसाठी काय नेऊ?

काहीही न्या, पण उजेड करणारं सगळं आधी बंद करा. वेळास गावात सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायचं काम उभं केलं, आणि आज आंजर्ल्यासह इतर किनाऱ्यांवरही पिल्लं सोडतात. पिल्लू समुद्राची दिशा ओळखतं ती क्षितिजावरच्या उजेडावरून. तुमचा फ्लॅश किंवा टॉर्च त्याला समुद्राहून जवळचा वाटतो.

फ्लॅश बंद करायचं सगळ्यांच्या ध्यानात असतं. विसरतात ते कॅमेऱ्यावरचा फोकससाठी पेटणारा लहान नारिंगी दिवा. तो मेनूत जाऊन वेगळा बंद करावा लागतो. घरीच करून निघा. किनाऱ्यावर दोरीपाशी उभं राहून मेनू शोधत बसलात तर पिल्लं केव्हाच पाण्यात गेलेली असतील. पिल्लं सोडतात सकाळी आणि संध्याकाळी, उजेड मऊ असतो, आणि खाली बसून वाळूच्या उंचीवर फोन धरला की तीन इंचांपेक्षा लहान जीवसुद्धा आभाळाएवढा दिसतो. माझं मत विचाराल तर इथे फोनच बरा.

फोन आयपी ६८ (पाणी-धूळरोधक) आहे. समुद्रात नेला तर चालेल ना?

मीही असंच समजलो होतो. देवबागला कर्लीच्या खाडीत, जिथे नदी आणि समुद्र मिळतात तिथे, गुडघाभर पाण्यात उभं राहून फोन पाण्याखाली धरला. व्हिडिओ झकास आला. दोन दिवसांनी चार्जर लावला तर फोनने ओलाव्याची सूचना दिली, चौथ्या दिवशी पडदा काळा. सेवा केंद्रातल्या मुलाने सिमचा ट्रे काढून आतली बारीक पट्टी दाखवली. पांढरी असायला हवी होती, लाल झाली होती. "पाणी गेलंय, वॉरंटी नाही." मी म्हटलं, डब्यावर आयपी ६८ लिहिलंय. तो म्हणाला, "काका, ते गोड्या पाण्याचं."

त्याचं बरोबर होतं. ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात, नव्या कोऱ्या फोनवर होते आणि किती खोल, किती वेळ ते कंपनीच ठरवते. समुद्राचं पाणी खारं, वर लाटेचा मार. शिवाय फोनच्या सांध्यांतलं रबर आणि गोंद वर्षागणिक सैल होत जातात. एकदा पडदा बदलून घेतला असेल तर जलरोधकपणा गेलाच समजा.

खारं पाणी लागलंच तर गोड्या पाण्याने हळू धुवा, पुसा, आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नका. तांदळाच्या डब्यात खुपसू नका. तांदळाची पूड आत जाते आणि घरची माणसंही चिडतात.

आणि पावसात कॅमेरा?

पाऊस त्या मानाने सोपा. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आम्हीही फार मागे नाही, आणि त्यातच आमची अर्धी कामं होतात. जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाएवढं भोक, वर रबर बँड. पाणी काचेवर पडू नये म्हणून लेन्सहुड. परत आल्यावर पिशवीतून काढून पंख्याखाली ठेवायचा, लगेच बॅगेत कोंबायचा नाही.

पावसाहून वाईट खारा वारा. दिवसभर किनाऱ्यावर काम करून आलात की काचेवर बोट फिरवून बघा, चिकट लागतं. अंगावरून किंचित ओलसर कापड फिरवा, मग कोरडं. काचेवर वाळूचा कण असेल तर आधी फुगा दाबून उडवा. पुसलात की ओरखडा पडलाच. लेन्स बदलायची ती गाडीत बसून, काचा वर करून.

लेन्समध्ये बुरशी येते म्हणतात, ते खरं का?

खरं. कोकणात कॅमेरा घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच असायला हवा, पण तो शेवटी विचारला जातो, बुरशी आल्यावर.

माझी स्वतःची ७०-३०० ची लेन्स अशीच गेली. जूनमध्ये चांगल्या चामड्याच्या पाकिटात घालून कपाटात ठेवली, गणपतीच्या आधी काढली. वरून लखलखीत. मोबाईलच्या बॅटरीचा उजेड मागच्या काचेतून आत टाकला तर समोरच्या काचेच्या कडेला कोळ्याने जाळं विणावं तसे पांढरे धागे, मधोमध एक ठिपका आणि त्यातून निघालेल्या फांद्या. दिसायला सुंदर होतं, खोटं का सांगू. साफ करून आणली, तरी एका ठिकाणी काचेवरचा लेप खाल्लेलाच राहिला. आता उन्हाकडे तोंड केलं की त्या लेन्समधून सगळं धुरकट दिसतं.

बुरशीला लागतो दमटपणा, अंधार आणि न हलणारी हवा. कपाट या तिन्ही गोष्टी पुरवतं आणि चामड्याचं पाकीट ओल धरून ठेवतं. लेन्सच्या आसपास आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवायची असते आणि आपल्याकडे पावसाळ्यात घरातली हवा कितीतरी अधिक दमट असते. ज्याचा धंदा आहे त्याने विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्यावं. बाकीच्यांना रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं बारकं घड्याळ पुरतं. जेलचे दाणे रंग बदलतात: निळे गुलाबी होतात, नारिंगी हिरवे होतात. मग ते तापवून पुन्हा वापरायचे. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. स्वयंपाकाच्या कढईत ते तापवू नका. फार कोरडंही करू नका, ३० टक्क्यांच्या खाली लेन्समधलं वंगण सुकायला लागतं.

आणि वापरा. आठवड्यातून एकदा बाहेर काढा, झूम मागेपुढे फिरवा, दोन फोटो काढा. मोबाईलला बुरशी क्वचितच येते, कारण त्याची लेन्स बारकी आणि बंदिस्त, आणि तो दिवसभर खिशात गरम होत असतो. वर्षातून गणपती आणि मे महिना एवढ्यासाठीच कॅमेरा काढणार असाल तर मी काउंटरवरूनच सांगतो, घेऊ नका. बुरशीसाठी घर बांधल्यासारखं होईल.

मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावून व्हिडिओ काढतो. काही होतं का?

होऊ शकतं. फोनच्या लेन्सला हादरे शोषणारी बारीक यंत्रणा असते, तीच सततच्या हादऱ्यांनी बिघडते. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींबाबत अ‍ॅपलने २०२१ साली तसा इशारा दिला होता. त्यांनी फक्त इंजिनाचा विचार केला, आपल्याकडे रस्तेही आहेत. हादरे मारणारा रबरी माउंट लावा, नाहीतर फोन खिशात.

लग्न मोबाईलवर शूट केलं तर?

स्वार्थ आधीच कबूल केलाय, तरी सांगतो. हळद, मेंदी, वरातीतला नाच, रील्स यांना फोन उत्तम. मुलींच्या मैत्रिणी आमच्या आधी व्हिडिओ टाकून मोकळ्या होतात आणि ते छानच असतात. पण मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट बाजूला होतो आणि अक्षता पडतात, तो क्षण दुसऱ्यांदा येत नाही. त्या वेळी आमच्या कॅमेऱ्यात एकच फोटो एकदम दोन कार्डांवर लिहिला जात असतो. एक कार्ड गेलं तरी लग्न जात नाही. फोनला नेमका तेव्हाच मामाचा कॉल येतो. ही अतिशयोक्ती नाही, मी बघितलंय.

दुसरी गोष्ट फ्लॅशची. फोनचा दिवा म्हणजे बॅटरी, दोन-तीन मीटरवर दम तोडतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश छताला मारून मऊ करता येतो आणि तो चमकतो इतका थोडा वेळ की हवेतल्या अक्षता जागच्या जागी थिजतात.

पोर्ट्रेट मोडमध्ये गजरा कापला जातो, तो का?

कारण ती धूसर पार्श्वभूमी काचेने केलेली नसते, हिशेबाने केलेली असते. फोन ठरवतो की हे माणूस आणि ते मागचं झाड, आणि मधली कड कातरीने कापतो. केसांच्या बटा, अबोलीची वळेसर, नथीच्या आतली पोकळी, इथे त्याचा गोंधळ होतो. मोठा सेन्सर आणि उघडी लेन्स असली की धूसरपणा अंतराप्रमाणे हळूहळू येतो, त्यात कापाकापी नसते.

नाक मोठं दिसतं ही तक्रार मात्र फोनची नाही, तुमच्या हाताच्या लांबीची आहे. फार जवळून काढला की नाक कानांपेक्षा बरंच जवळ येतं. दोन पावलं मागे जा आणि दोन किंवा तीन एक्स लावा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो १२ बाय १८ ला होईल का?

बहुधा नाही. साध्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तो सव्वापाच इंच छान येतो. भिंतीवर लावायचा, लांबून बघायचा म्हणून इंचाला २०० वर तडजोड केली तरी १८ इंचाला ३६०० लागतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तीच फोनमधली फाइल चक्क छापता येते. ८ बाय १२ ला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात, ते हल्ली कुठल्याही फोनात असतात.

हा प्रश्न बहुतेक वेळा घाईत येतो. मुंबईहून मुलगा रात्रीच्या गाडीने आलेला असतो, दिवसकार्याला फ्रेम हवी असते, आणि बाबांचा एकट्याचा फोटोच नसतो. कुणाच्या तरी मुंजीतल्या घोळक्यातून कापलेला, तीनदा फॉरवर्ड झालेला चेहरा. आम्ही जमेल तेवढं करतो. आईवडिलांचा एक नीट फोटो आजच काढून ठेवा, मोबाईलवर काढा, खिडकीच्या उजेडात काढा.

कातळशिल्पांसाठी वाइड लेन्स घ्यावी का?

नको. फोनची अल्ट्रावाइड पुरते. काशेलीचा कातळात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, तो जमिनीवर उभं राहून कुठल्याच लेन्समध्ये धड मावत नाही. लेन्सपेक्षा वेळ महत्त्वाची. सूर्य उगवताना किंवा मावळताना तिरप्या उन्हात रेषांच्या कडांवर सावली पडते आणि चित्र उठून येतं. दुपारी बाराला नुसता जांभा दिसतो. फोटोसाठी रेषांत खडू किंवा रांगोळी भरू नका.

विसर्जन मिरवणुकीत लेझर असतो. त्याने कॅमेरा खराब होतो का?

होतो, फोनही होतो. किरण थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमचा ठिपका किंवा रेघ उठते. लेझर आपल्याकडे वळला की लेन्स खाली. डोळेही.

डीएसएलआर घेऊ की मिररलेस? का सगळेच कॅमेरे बंद होणार आहेत?

बंद नाही होणार, पण गर्दी ओसरली. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे सांगतात की २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले, २०२३ मध्ये ८० लाखांपेक्षाही कमी. गेले ते मुख्यतः खिशात मावणारे छोटे कॅमेरे. ते फोनने गिळले. गंमत म्हणजे पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन यांनी बनवला होता, ०.०१ मेगापिक्सेलचा, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची. त्याच कोडॅकला २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

नवीन घेणार असाल तर मिररलेस, म्हणजे डीएसएलआरमध्ये असतो तो आरसा नसलेला कॅमेरा. कॅनन आणि निकॉन या दोघांचे शेवटचे मोठे डीएसएलआर २०२० चे, त्यानंतर त्यांचं सगळं लक्ष मिररलेसवर. मुलाला शिकायचं असेल तर जुना डीएसएलआर आणि ती ५० ची एफ १.८ लेन्स घेऊन द्या, हल्ली लोक ते निम्म्याहून कमी किमतीत काढून टाकतात. घेताना दोन गोष्टी बघा: शटर किती वेळा पडलंय तो आकडा, आणि लेन्समधून बॅटरी मारून ते कोळ्याचं जाळं. बॅग उघडल्यावर कुबट वास आला तर किंमत विचारायचीही गरज नाही.

घरात जुन्या निगेटिव्ह आहेत. मोबाईलने फोटो करता येतील का?

येतील. टॅबलेटवर किंवा लॅपटॉपवर पूर्ण पांढरं चित्र उघडा, त्यावर एखादी पारदर्शक काच बोटभर वर टेकवा आणि काचेवर निगेटिव्ह. थेट पडद्यावर ठेवलीत तर पडद्याचे ठिपके दिसतात. खोलीतले दिवे बंद. फोन डब्यावर आडवा टेकवून मॅक्रो मोडमध्ये काढा आणि एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये रंग उलटे करा. काळ्यापांढऱ्या निगेटिव्ह अशा झकास येतात. रंगीत निगेटिव्हना नारिंगी झाक असते, ती काढायला थोडी खटपट पडते.

पट्ट्या कडेने धरा, मधे बोट लावू नका. आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्या एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढून सोडवू नका, ओढलंत की चित्र एका पट्टीवरून दुसरीवर जातं. तशाच गठ्ठ्याने घेऊन या, आम्ही स्वच्छ पाण्यात भिजवून सुट्या करून देतो. शक्यतो दिवाळीनंतर या, पावसाळ्यात त्या वाळता वाळत नाहीत.